साडेसातांचं तळं

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं घालवलेल्या माणसाला निरोपाच्या दिवशी बहुधा भिंतीवरचं घड्याळ मिळतं. ह्या गोष्टीतल्या गृहस्थांना काचेच्या नळ्यांची पेटी मिळाली. त्यात सहकाऱ्यांची मोठी दूरदृष्टी होती. घड्याळ घेऊन गेलेला माणूस घरी कंटाळतो, जुन्या ऑफिसात चकरा मारतो आणि नव्या लोकांच्या चुका काढतो. पेटी घेऊन गेलेला माणूस स्वतःच्या घरचं पाणी तपासत बसेल आणि सगळे सुखाने जगतील.

खात्यात त्यांना साडेसात म्हणत. पाण्याचा सामू नावाचा एक आकडा असतो. पाणी आंबटाकडे झुकलंय की चुन्याकडे, ते त्यावरून कळतं. सात म्हणजे मधोमध. आकडा खाली गेला की आंबट, वर चढला की चुन्याचं. शहराला सोडायचं पाणी साडेसातच्या आसपास हवं असा नियम होता, आणि ते तसं आहे की नाही हे बघणं ह्यांचं काम. रोज सकाळी सहाला टाकीतून नमुना काढायचा, नळीत रंगाचे चार थेंब टाकायचे, नळी रंगपट्टीशेजारी धरून एक डोळा मिटायचा आणि वहीत लिहायचं: साडेसात. समोर सगळे साडेसात म्हणायचे, पाठ वळली की साडेसाती. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दुसऱ्याचा अभिमान जरा जास्तच होता.

अभिमान फुकटचा नव्हता. एकदा चुन्याच्या खोलीत कुणाचा तरी हात सैल सुटला आणि सकाळचा आकडा सव्वानऊ आला. वरचे साहेब म्हणाले, "आठ लिहा हो, दुपारपर्यंत उतरेल." साडेसात म्हणाले, "उतरेल तेव्हा लिहीन," आणि झडप बंद करायला लावली. पाच तास शहराचे नळ कोरडे पडले. लोकांनी खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साडेसात मात्र घरी आले ते छाती दोन इंच वाढवून. बायको म्हणाली, "आपल्याही नळाला पाणी नव्हतं. भांडी तशीच पडलीत." त्यावर ते म्हणाले, "तत्त्व म्हणजे तत्त्व," आणि पेपर उघडून बसले. भांड्यांचं काय झालं ते तत्त्वाने विचारलं नाही.

बायको घरी शिवणकाम करायची. लोकांचे कपडे उसवणं, सैल करणं, बसते करणं. तिचा स्वभावही त्याच कामाचा होता. नवऱ्याला कुठे सैल सोडायचं आणि कुठे टाका घालायचा, हे तिला टेप न लावता कळायचं.

तिचा जीव एकाच झाडात अडकलेला होता. ते झाड अनंताचं. वीस वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, आपल्या दारातल्या अनंताची बोटभर काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिला दिली होती. खात्याने राहायला दिलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत, गॅलरीतल्या तेलाच्या डब्यात ते झाड वाढलं आणि दर वर्षी फुललं. चार वर्षांपूर्वी अक्का गेली. तिचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने गाडी लावायला जागा हवी म्हणून दारातलं झाड तोडलं. म्हणजे आता अक्काचं म्हणून जे काही जिवंत उरलं होतं, ते ह्या डब्यातलं एवढंच.

निवृत्तीनंतर त्यांनी गावाच्या टोकाला पुढे अंगण असलेलं छोटं घर घेतलं. सामान उतरवलं त्या दिवशी चूल मांडायच्या आधी तिने डबा कापून अनंत जमिनीत लावला. साडेसात चहासाठी दोन तास ताटकळले. पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, ही त्यांच्या बाजूची गोष्टही नोंदवायला हवी.

मग त्यांनी तळं बांधायला घेतलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, गुडघाभर खोल. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा मेव्हणा, फरशा बसवायचं काम करायचा. त्याने कुठल्याशा हॉटेलाच्या न्हाणीघरातून उरलेले संगमरवराचे तुकडे टेम्पोभर आणून टाकले. "दाजी, राजवाड्याचा माल आहे," तो म्हणाला. साडेसातांनी आयुष्यात हाताने काही बांधलं नव्हतं. त्यांनी सिमेंट कालवलं, तुकडे जुळवले, तीन महिने गुडघ्यांवर रांगले, आणि एक पांढरंशुभ्र, किंचित वाकडं तळं तयार झालं. त्यात सात केशरी मासे सोडले. आठवा फुकट मिळत होता, पण तो त्यांनी घेतला नाही.

तळ्याची खरी करामत होती त्याचा पाट. तळं अंगणाच्या वरच्या बाजूला, अनंत खालच्या. त्यांनी तळ्याच्या काठाला खाच ठेवून तिथून अनंताच्या आळ्यापर्यंत फरशीचा छोटा पाट काढला. रोज दुपारी दीडला ते तळ्यात नळाची नळी सोडायचे आणि आत जाऊन झोपायचे. नळाचं पाणी आत, तळ्याचं पाणी बाहेर, बाहेर आलेलं अनंताला. चारला उठून नळ बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला हा पाट दाखवला जायचा. पोस्टमनने तो तीनदा पाहिला. पुढे तो पत्रं कुंपणावरूनच टाकायला लागला.

सकाळी सहाला नमुना ठरलेलाच. वही नवी, पण आकडा तोच. सात पॉइंट चार, सात पॉइंट सहा, साडेसात.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी अनंताची पानं पिवळी पडायला लागली. आधी कोवळी, मग सगळीच. शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या आणि मधलं अंग पिवळं. त्या वर्षी कळ्या आल्या आणि न उमलताच गळल्या. तिसऱ्या वर्षी कळ्याच आल्या नाहीत. बायको सकाळी उठल्यावर आधी झाडाकडे जायची आणि मग चहा ठेवायची, आणि त्या चहाला हल्ली काही चव नसायची.

साडेसातांकडे कारणांची कमतरता नव्हती. ऊन जास्त आहे. ऊन कमी आहे. मुंग्या आहेत. खत देणाऱ्याने फसवलं. झाड म्हातारं झालं. "वीस वर्षं म्हणजे झाडाची निवृत्तीच," असं म्हणून ते स्वतःच हसले आणि बायको हसली नाही हे पाहून थांबले.

"माती तपासून बघा ना तुमच्या पेटीने," ती एकदा म्हणाली.

"माती आमच्या खात्यात येत नाही," साडेसात म्हणाले.

शेवटी तिने दोन पानं पेपरात गुंडाळली आणि नवऱ्याला हाताला धरून रोपवाटिकेत नेलं. तिथली बाई उंचीने कमी आणि आवाजाने जास्त. कोपरापर्यंत चिखल, आणि गिऱ्हाइकाकडे बघायची ती कीड बघितल्यासारखी. तिने पान उजेडात धरलं.

"लोह मिळत नाहीये झाडाला," ती म्हणाली. "जमिनीत असेल, पण चुना झालाय. चुना असला की मुळांना लोह उचलता येत नाही. पाणी कसलं घालता?"

"साडेसात," साडेसात म्हणाले.

"साडेसात काय? बादल्या?"

"सामू. मी रोज तपासतो. चौतीस वर्षं शहराचं पाणी तपासलंय."

"किती वाजता तपासता?"

"सकाळी सहा."

"आणि झाडाला पाणी किती वाजता जातं?"

"दीड ते चार. पाट आहे. मी स्वतः—"

"मग दीड ते चारमध्ये तपासा."

साडेसातांनी बायकोकडे पाहिलं. बायको एका कुंडीकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"बाई," ते म्हणाले, "पाणी म्हणजे काय सरड्याची जात आहे का, तासातासाला रंग बदलायला?"

"तुमच्या शहराच्या टाकीत शेवाळ होतं?"

"आमच्या टाकीत? शेवाळ?" तिने त्यांच्या घराण्याबद्दल काही विचारलं असतं तरी ते इतके दुखावले नसते. "झाकलेली टाकी. आत काळोख. चिटपाखरू नाही."

"मग उघड्या तळ्याचं तुम्हाला काय ठाऊक?" असं म्हणून बाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी येईपर्यंत साडेसात बोलत होते. उघड्या तळ्याचं काय ठाऊक, म्हणे. हिने आयुष्यात एक नळी तरी धरली आहे का हातात? नमुना सहाचा असतो. जगात कुठेही जा, नमुना सहाचाच. दुपारचं पाणी हा काय नमुना आहे? दुपारी माणूस झोपतो.

"बघायला काय हरकत आहे पण?" बायको म्हणाली.

"हरकत नाही. गरज नाही."

आठ दिवस ती काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं साडेसातांना आवडायचं, कारण ते त्याला संमती समजायचे. छत्तीस वर्षांच्या संसारात ही एक समजूत त्यांनी मोठ्या कष्टाने टिकवली होती.

नवव्या दिवशी ते दुपारी तीनलाच जागे झाले. घरात काहीतरी कमी होतं. शिलाई मशीनचा आवाज नव्हता. ते बाहेर आले तर तळ्याच्या काठावर बायको उकिडवी बसलेली, नाकावर त्यांचा चष्मा, हातात त्यांची नळी, आणि एक डोळा मिटलेला.

"काय चाललंय?"

"नमुना," ती म्हणाली.

पेटीला हात लावल्याबद्दल ते रागावणार होते. तेवढ्यात त्यांना नळी दिसली. साडेसातचं पाणी त्या रंगात हिरवं दिसतं. हे निळं होतं. नुसतं निळंही नाही, जांभळ्याकडे चाललेलं.

"थेंब जास्त पडले तुझे."

त्यांनी नळी धुतली, स्वतः पाणी घेतलं, स्वतः चार थेंब मोजले. निळं. नळी बदलली. निळं. तळ्याच्या दुसऱ्या टोकाचं पाणी घेतलं. तेही निळं.

"रंगाचं औषध शिळं झालं असणार," ते म्हणाले.

ती आत गेली आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं पेलाभर पाणी घेऊन आली. त्यांनी चार थेंब टाकले. पाणी हिरवंगार झालं. साडेसात. औषध शिळं नव्हतं.

त्यांनी रंगपट्टी उन्हात धरली, सावलीत धरली. तळ्याचा आकडा साडेनऊच्या खाली यायला तयार नव्हता. शहराचं पाणी त्यांनी सव्वानऊला तोडलं होतं.

"ढग आलेत, त्यामुळे रंग नीट कळत नाही," ते शेवटी म्हणाले.

आभाळात औषधालाही ढग नव्हता. बायकोने वर बघितलं. "हो ना, किती अंधारून आलंय," ती म्हणाली, चष्मा त्यांच्या हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी साडेसात झोपले नाहीत. पहाटेपासून छत्री आणि स्टूल घेऊन तळ्याकाठी बसले आणि तासातासाला नळी भरू लागले. सहाला साडेसात. नऊला आठ. बाराला नऊ. दोनला साडेनऊ. उन्हासोबत आकडा जिना चढावा तसा चढत होता, आणि पालक उकडलेल्या पाण्यासारखं हिरवं तळं समोर निवांत पडलं होतं. दोन वर्षं रोज सकाळी सहाला त्यांनी त्याला विचारलं होतं, आणि ते रोज खरंच उत्तर देत होतं. फक्त सहाचं.

दोनच्या सुमाराला बायको बाहेर आली. हातात ओलं फडकं आणि एक वाटी. ती अनंतापाशी खाली बसली आणि एकेक पान तळहातावर घेऊन पुसायला लागली. वरून, खालून, देठापर्यंत. गळायला आलेलं पान हातात आलं की ते वाटीत ठेवायची. शेजारून फरशीच्या पाटातून तळ्याचं पाणी खळखळत येऊन त्याच झाडाच्या आळ्यात शिरत होतं.

"हे रोज करतेस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"कधीपासून?"

"पिवळं पडायला लागलं तेव्हापासून. तुम्ही झोपलेले असता."

साडेसात उठले आणि त्यांनी नळ बंद केला. पाटातलं पाणी हळूहळू थांबलं.

"आज लवकर बंद केलात?" ती म्हणाली.

"दाब जास्त होता," साडेसात म्हणाले. चौतीस वर्षांत कुणासमोर चुकीचा आकडा न उच्चारलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य बाहेर आलं, आणि ते त्यांना स्वतःलाच फार वाईट ऐकू आलं.

संध्याकाळी, ती शेजारी गेलेली असताना, त्यांनी अनंताच्या बुडातली चमचाभर माती घेतली, पेलाभर पाण्यात ढवळली, निवळू दिली आणि वरच्या पाण्यात थेंब टाकले. साडेआठच्याही वर. कुंपणाजवळची, जिथे पाट पोचत नव्हता तिथली माती घेतली. सात. त्यांच्या खात्यात न येणाऱ्या मातीने सगळं सरळ सांगून टाकलं. अक्काचं झाड ऊन, मुंग्या, म्हातारपण, कशानेच आजारी पडलं नव्हतं. त्यांनी ते रोज अडीच तास, स्वतः बांधलेल्या पाटाने, कौतुकाने आजारी पाडलं होतं.

आता एखाद्याने जाऊन बायकोला हे सांगितलं असतं. साडेसातांनी कपाटातल्या सिरक्याच्या दोन बाटल्या काढल्या. आंबट घातलं की चुना उतरतो, एवढी विद्या त्यांना होती. अंधार पडल्यावर त्यांनी दोन्ही बाटल्या काठाकाठाने तळ्यात ओतल्या. ज्या दगडावर धार पडली तो दगड बारीक फसफसला. ते त्यांनी पाहिलं, पण तेव्हा त्यांना त्याचा विचार करायचा नव्हता.

सकाळी आकडा साडेसहा होता आणि सातही मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकत होते. दुपारी तीनला आकडा पुन्हा नऊ.

"तळ्याला सिरक्याचा वास कसला येतोय?" बायकोने विचारलं.

"शेवाळाचा असेल."

"असेल," ती म्हणाली. "आपल्या कपाटातूनच गेलेलं दिसतंय शेवाळ. दोन बाटल्या दिसत नाहीत."

त्या दिवशी साडेसात एकटेच रोपवाटिकेत गेले. कुंडी घ्यायची आहे म्हणाले, अर्धा तास कुंड्या बघितल्या आणि एकही घेतली नाही. मग बाईजवळ जाऊन, कुणी ऐकत नाही ना हे बघून, हळूच म्हणाले, "दुपारी साडेनऊ."

बाई हसली नाही, हे तिचे उपकार.

"हिरवं पाणी म्हणजे शेवाळ," ती म्हणाली. "सोड्याच्या बाटलीत जो वायू असतो ना, तोच थोडा पाण्यात असतो. त्यानेच पाणी आंबट राहतं. ऊन पडलं की शेवाळ तो खातं आणि आकडा चढतो. रात्री तो परत येतो, आकडा उतरतो. पहाटे सगळी तळी शहाणी असतात. तळ कशाचा आहे?"

"संगमरवर. सिमेंटमध्ये बसवलेला."

"म्हणजे चुन्याच्या भांड्यात पाणी ठेवलंय. त्यात आंबट ओतलंत तर दगड आणखी विरघळणार."

"ओतलंय," ते म्हणाले.

"आता ओतू नका. मासे एक वेळ नऊ सहन करतील, पण आकडा सकाळी सहावर आणि दुपारी नऊवर, ही झोकांडी नाही सोसायची. दगड काढा, सिमेंट काढा, जाड रबरी कापड अंथरा. पाणी एकदम बदलू नका, आठवड्याला तिसरा हिस्सा. अर्धं तळं तरंगत्या झाडांनी झाका, म्हणजे शेवाळाला ऊन मिळणार नाही. झाडाला तळ्याचं पाणी बंद. मातीत पानांचं कुजलेलं खत घाला आणि गंधकाची पूड. चमच्याने. फावड्याने नाही. मग तीन महिने वाट बघा."

"आणि पिवळी पानं कधी हिरवी होतील?"

"ती नाही होणार. नवी आली तर हिरवी येतील."

"आली तर?"

"मुळं किती उरलीत ते मी कसं सांगू?" बाई म्हणाली. "उशीर झालाय तुम्हाला."

झाड पुढे जगलं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. चार महिन्यांनी शेंड्याला दोन हिरवी पानं आली, आणि ती आली तेव्हा साडेसातांनी पोस्टमनला कुंपणाच्या आत बोलावून दाखवली. पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी साडेसात घरी येताना एकच गोष्ट घेऊन येत होते, की अक्काचं झाड बहुतेक जाणार आणि ते त्यांनी घालवलं.

रविवारी सकाळी त्यांनी मेव्हण्याला बोलावलं. मासे टबात काढून ठेवले होते, पाणी उपसलं होतं. मेव्हणा छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि रिकामं पांढरं तळं बघून कपाळाला हात लावला.

"दाजी, तीन महिने रांगून बांधलंत. माझ्याकडे गुडघ्याचं मलम मागायला आला होतात. आता का फोडायचं?"

रिकाम्या तळ्यात उभ्या साडेसातांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"दगड सैल झालेत," बायको मधेच म्हणाली. ती दारात चहाचे कप घेऊन उभी होती. "पाणी झिरपायला लागलंय."

साडेसातांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. नळीतला रंग पाहिला त्याच दुपारी तिला कळलं होतं, आणि तरी ती भावासमोर त्यांच्या चुकीला टाका घालत होती.

मेव्हण्याने एक दगड हलवून पाहिला. जागचा हलला नाही. "सैल कुठला, डोंगरासारखा बसलाय! म्हणजे मालच वाईट निघाला म्हणा की. माझं नाव घालवलंत, दाजी. सांगा ना सरळ, की तुझा दगड भिकार होता."

दार आयतं उघडं होतं. हो म्हणायचा अवकाश होता. मेव्हणा हसून सोडून देणार, बायको चहा पुढे करणार, आणि दगडांसोबत ती गोष्टही टेम्पोत भरून जाणार. साडेसातांनी मेव्हण्याच्या हातातल्या छिन्नीकडे बघितलं.

"दगड चांगला आहे," ते म्हणाले. "सैलही नाही. माझं चुकलं."

मेव्हणा हसायचा थांबला.

"पाणी चुन्याचं होत होतं. दुपारी. मी सकाळीच बघत राहिलो. ही सांगत होती, ती रोपवाटिकेतली बाई सांगत होती, मी ऐकलं नाही. दोन वर्षं रोज तेच पाणी त्या झाडाला घातलं आणि वर झोपलो." त्यांनी खाली अनंताकडे बोट केलं. "तुमच्या अक्काचं झाड मी पिवळं केलं. जगेल की नाही मला ठाऊक नाही."

अक्का मेव्हण्याचीही बहीण होती. लहानपणी ह्याला कडेवर घेऊन तीच फिरायची. त्याने छिन्नी खाली ठेवली, आणि वळून अनंताकडे पाहिलं. ह्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर थट्टा तयार असायची. आत्ता त्याने नुसतं नाक ओढलं आणि हातोडा उचलून पहिला दगड फोडला.

बायकोने कप पायरीवर ठेवले. ती सावकाश अंगण उतरून अनंतापाशी गेली आणि त्याच्या एका फांदीला हात लावून उभी राहिली. झाडाशी बोलणाऱ्यातली ती नव्हती. वीस वर्षांत तिने त्याला पाणी घातलं होतं, पुसलं होतं, पण बोलली कधी नव्हती.

"अक्का," ती म्हणाली, "ऐकलंस का? हे म्हणाले, माझं चुकलं. छत्तीस वर्षं लागली गं."

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कुठल्या गोष्टीचं होतं हे तिलाही सांगता आलं नसतं. साडेसात तळ्यातून वर चढले, गुडघे धरत तिच्याशेजारी येऊन उभे राहिले, आणि झाडाकडे बघून, खात्यात वरच्या साहेबांसमोर उभे राहायचे तसे ताठ होऊन म्हणाले, "हो, अक्का. चुकलं."